'मेडिकलला नंबर' लागल्यानंतरचे पहिले आठवडे

सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील एखाद्या गावात मुलाचा वा मुलीचा 'मेडिकलला नंबर लागतो', तेव्हा ती बातमी एका घरापुरती राहत नाही. शाळा सत्कार ठेवते, सरपंच हार घालतात, चौकात छायाचित्रासह फलक लागतो. 'नीट' परीक्षेला देशभरातून वीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच पुढे आहेत, हे लक्षात घेता या कौतुकात वावगे काहीच नाही. मात्र हा फलक उतरल्यानंतर, महाविद्यालयाच्या पहिल्या काही आठवड्यांत त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमके काय येते, याची चर्चा घरातही होत नाही आणि शिकवणी वर्गातही होत नाही. लातूर किंवा नांदेडच्या शिकवणीत दोन वर्षे चार पर्यायांतून एक अचूक उत्तर निवडण्याचा सराव झालेला असतो. वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल टाकताच चार पर्याय नाहीसे होतात आणि समोर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ, एक मृतदेह आणि थोड्याच दिवसांत एक बोलता-कण्हता माणूस येतो.

या बदलाला विद्यार्थ्याने सामोरे जावे म्हणून आरोग्यक्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आरंभी काही प्रास्ताविक शिक्षण ठेवलेले असते. एमबीबीएसमध्ये त्याला 'फाउंडेशन कोर्स' म्हणतात, परिचर्या अभ्यासक्रमात ते पहिल्या सत्राच्या विषयांत विखुरलेले असते, आयुर्वेद पदवीला त्याचे वेगळेच नाव आहे. यावर परीक्षेत गुण नाहीत किंवा फार थोडे आहेत. त्यामुळे विद्यार्थी त्याकडे 'खरा अभ्यास सुरू होण्यापूर्वीची गंमत' म्हणून पाहतात, आणि पुष्कळदा पालकही. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा गैरसमज महागात पडणारा आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. तिच्यातील शंभरांपैकी सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहणारी. वसमतची हळद, औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे नर्सी आणि अलीकडे गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी निवडली गेलेली औंढ्याजवळची जागा ही या जिल्ह्याची बाहेर ठाऊक असलेली ओळख. वैद्यकीय शिक्षणाच्या नकाशावर मात्र २०२४ पर्यंत तो नव्हताच. येथील विद्यार्थी नांदेडला, अंबाजोगाईला, लातूरला किंवा यवतमाळला जात. वैद्यकीय प्रवेशासाठी पूर्वी ७०:३० हे प्रादेशिक सूत्र होते. त्यात मराठवाड्यातील महाविद्यालये आणि जागा कमी असल्याने येथील मुलांची कोंडी होते, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ते सूत्र रद्द केले. त्यानंतर चार वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. त्यांत हिंगोलीचा समावेश होता आणि येथे एमबीबीएसच्या १०० जागा मंजूर झाल्या.

जागा मिळाल्या, इमारतीही उभ्या राहतील. पण आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या पायरीवर उभे कसे करायचे, हा प्रश्न जागांच्या संख्येने सुटत नाही.

गुण नसलेला अभ्यासक्रम

देशातील एमबीबीएसचा अभ्यासक्रम १९९७ च्या नियमावलीनुसार दोन दशके चालला. २०१९ मध्ये त्याची फेरमांडणी झाली. विद्यार्थ्याला किती माहिती आहे यापेक्षा त्याला काय करता येते, हे तपासणारा 'क्षमताधिष्ठित' अभ्यासक्रम आला आणि त्याच्या आरंभी एक महिन्याचा फाउंडेशन कोर्स ठेवण्यात आला. नंतरच्या सुधारणांत त्याचा कालावधी कमी झाला, परंतु गाभा तोच आहे.

त्यात काय असते? महाविद्यालयाची व वैद्यकीय व्यवसायाची ओळख, प्रथमोपचार आणि मूलभूत जीवरक्षण, हात धुण्याची व संसर्ग टाळण्याची पद्धत, जैववैद्यकीय कचऱ्याचे वर्गीकरण, प्राथमिक आरोग्य केंद्राला भेट, व्यावसायिक नीती आणि संवाद, संगणक, खेळ, आणि भाषा. यादी पाहिली की एखाद्या शाळेच्या उन्हाळी शिबिराची आठवण होते, आणि तिची थट्टा होण्याचे कारणही तेच. प्रत्यक्षात यांतील एकेक गोष्ट पुढे कोणाच्या तरी जिवाशी जोडलेली असते.

कचऱ्याचेच उदाहरण घ्यावे. २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयात पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग ठरलेले आहेत. रक्ताने माखलेला कापूस आणि शरीराचे अवयव पिवळ्यात, सलाइनच्या नळ्यांसारखे प्लास्टिक लालमध्ये, सुया व धारदार वस्तू पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, आणि काच निळ्यात. अठरा वर्षांच्या मुलाला हे पाठ करायला पाच मिनिटे लागतात. पण वापरलेली सुई चुकून पिवळ्या पिशवीत गेली, तर ती डॉक्टरला टोचत नाही. पहाटे पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला टोचते, आणि कावीळ किंवा एचआयव्हीच्या संसर्गाची टांगती तलवार त्याच्या घरावर येते.

जीवरक्षणाचेही तसेच. हृदय थांबलेल्या प्रौढ माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा आणि ३० दाबांमागे दोन श्वास, हे गणित पुतळ्यावर शिकवले जाते. पहिल्या दिवशी बहुतेक विद्यार्थी फार हलका दाब देतात, कारण समोरच्याला दुखेल ही भीती पुतळ्याबाबतही जात नाही. ती जाण्यासाठीच तो पुतळा असतो.

ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिष्याला विद्येत प्रवेश कसा द्यावा यावर एक अध्याय आहे आणि त्यापुढे 'योग्यासूत्रीय' नावाच्या अध्यायात हात बसवण्याची पद्धत सांगितली आहे. छेद देण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा; शीर भेदण्याचा सराव मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा. शास्त्र कितीही पढला तरी सराव न केलेला शिष्य कामाला अपात्र, असा त्याचा आशय आहे. आजच्या स्किल लॅबमधील रबरी हात आणि सुश्रुताचा कमळाचा देठ यांत तत्त्वतः फरक नाही. आयुर्वेदाच्या बीएएमएस पदवीलाही आता आरंभी किमान १५ कामकाजाच्या दिवसांचा प्रास्ताविक अभ्यासक्रम आहे आणि पहिल्या वर्षात संस्कृत शिकावे लागते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शब्दांची निदान ओळख तरी असते. इंग्रजीच्या बाबतीत त्याची स्थिती निराळी.

'तंतुकणिका' कुठे गेली?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या मनात शरीराचा एक पक्का मराठी नकाशा असतो. जठर, यकृत, स्वादुपिंड, वृक्क, ऊती, तंतुकणिका. अकरावीला विज्ञान शाखेत जाताच हा नकाशा इंग्रजीत बदलतो. अनेक शाळांत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे 'सेमी' वर्ग आहेत, त्यांतून आलेल्यांना हा धक्का कमी बसतो. शिवाय २०१७ पासून 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध आहे. पण प्रश्नपत्रिका मराठीत मिळणे आणि पुढची साडेचार वर्षे इंग्रजीत शिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच वाक्यात पाच अनोळखी शब्द असलेले शरीररचनाशास्त्राचे पान वाचताना हुशार विद्यार्थीही दिवसाला तीन-चार पानांपुढे सरकत नाही. वर्गात प्रश्न विचारावा, तर इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत अध्यापक पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. बारावीला तालुक्यात पहिला आलेला मुलगा येथे गप्प बसू लागतो. घरी फोनवर 'सगळे ठीक आहे' सांगतो.

हा अडसर बुद्धीचा नसतो, शब्दांचा असतो. आणि शब्दांची अडचण वाटते त्यापेक्षा लवकर सुटते. वैद्यकातील इंग्रजी ही मुळात इंग्रजी नव्हेच, ती ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांची जुळणी आहे. 'हिपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'गॅस्ट्र' म्हणजे जठर, 'आर्थ्र' म्हणजे सांधा. शेवटी 'आयटिस' आले की दाह. मग हिपॅटायटिस, नेफ्रायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस हे चार शब्द पाठ करावे लागत नाहीत, ते उलगडतात. शेवटी 'एक्टमी' आले की तो भाग काढून टाकणे: टॉन्सिलेक्टमी, अपेंडिसेक्टमी. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. असे शंभर-सव्वाशे तुकडे ओळखीचे झाले की पाठ्यपुस्तकातील बराचसा भाग उघडतो. मराठी मुलाला ही रीत परकी नाही. 'अतिसार', 'मूत्राशय', 'गर्भाशय', 'जलोदर' हे शब्द तो याच पद्धतीने समजून घेत आला आहे. कोणीतरी पहिल्या आठवड्यात हे दाखवून देण्याची गरज असते. फाउंडेशन कोर्समधील भाषेच्या तासांचा खरा उपयोग येथे आहे. ते तास इंग्रजी संभाषणाच्या ठरावीक वाक्यांत संपले, तर संधी गेली.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पुस्तके काढली. त्यांत बहुतेक पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवून फक्त स्पष्टीकरणाची वाक्ये हिंदीत होती, म्हणून त्यांवर टीकाही झाली. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता तोच मार्ग शहाणपणाचा दिसतो. संज्ञा जगाच्या, समजावणी आपली. बहुतेक मराठी अध्यापक वर्गात अनौपचारिकपणे हेच करतात.

या भूमीला माध्यमाचा प्रश्न नवा नाही, ही गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाची वैद्यकीय शाळा १८४६ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि वैद्यकही उर्दूतून शिकवले. त्यासाठी हैदराबादेत भाषांतराची स्वतंत्र व्यवस्था उभारून विज्ञानाची परिभाषा घडवण्यात आली. घरी मराठी बोलणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला डॉक्टर होण्यासाठी तेव्हा उर्दू आत्मसात करावी लागे. संस्थान विलीन झाले, माध्यम इंग्रजी झाले आणि १९५६ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्याचे पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. भाषा बदलली, घरची भाषा एक आणि विद्येची दुसरी ही स्थिती मात्र कायम राहिली.

रुग्णाची भाषा

भाषेच्या प्रश्नाची दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे, आणि शहरातील विद्यार्थ्यांना ती अधिक लागू होते. राज्याच्या कोट्यातून हिंगोलीत प्रवेश घेणारा विद्यार्थी मुंबई-पुण्याचा असू शकतो, अखिल भारतीय कोट्यातून आलेला केरळ किंवा राजस्थानचाही असू शकतो. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास ठेवले आहेत ते त्यासाठी. पण पुण्यात मराठीत वाढलेल्या मुलीलाही येथील बाह्यरुग्ण विभागात बसल्यावर कळते, की आपल्याला मराठी येते हा समज अपुरा होता.

'अंग' हा एकच शब्द पाहावा. बाई सांगते, 'लेकराला अंगावर पाजते' – म्हणजे स्तनपान. 'अंगावर पांढरं जातं' – म्हणजे श्वेतस्राव. 'अंगावरून लई जातं' – म्हणजे अतिरिक्त रक्तस्राव. 'अंग बाहेर येतं' – म्हणजे गर्भाशय खाली सरकले आहे. 'दुखणं अंगावर काढलं' – म्हणजे त्रास सोसला, उपचार घेतले नाहीत. 'अंगात येतं' – याचा अर्थ तर वैद्यकाच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही, पण मानसोपचाराच्या दृष्टीने तो समजून घ्यावाच लागतो. यांतील 'अंग बाहेर येतं' हे वाक्य बाई सहसा पहिल्या भेटीत, पुरुष डॉक्टरसमोर, सासू शेजारी बसलेली असताना उच्चारत नाही. ती 'कंबर दुखते' असे सांगते. त्या कंबरदुखीच्या मागे काय आहे हे विचारण्याची रीत, विचारताना पडदा ओढून घेण्याची आणि सासूला नम्रपणे बाहेर बसवण्याची समज, याला अभ्यासक्रमाच्या भाषेत 'संवादकौशल्य' म्हणतात.

अशी उदाहरणे पावलोपावली आढळतात. 'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला जळजळ. 'कणकण' म्हणजे ताप चढण्यापूर्वीची अवस्था, तापमापकावर कदाचित न दिसणारी. 'चमक भरली', 'कळ मारते', 'मुरडा येतो', 'ठणकते', 'सलते' या पाचही शब्दांचे इंग्रजीत एकच भाषांतर होईल, वेदना. पण सर्जनला ठणकणारे गळू आणि सलणारा काटा यांतला फरक या शब्दांतूनच कळतो. मराठी बोलणाऱ्याने रोगाचे अर्धे निदान आपल्या क्रियापदात करून ठेवलेले असते. ते ऐकणाऱ्याला उमगले पाहिजे.

शिवाय जिल्ह्यात केवळ मराठी नाही. कळमनुरी परिसरात आंध आदिवासींची वस्ती आहे, बंजारा तांड्यांवर गोरबोली बोलली जाते, हिंगोली आणि वसमत शहरांत उर्दू-दखनी कानावर पडते. चार भाषा शिकणे कोणालाच शक्य नाही. पण 'दुखते का', 'केव्हापासून', 'गोळी जेवणानंतर घ्या' एवढी वाक्ये रुग्णाच्या बोलीत म्हणता आली, तरी पुढचे संभाषण वेगळे होते.

या शिक्षणाला आता गावाचीही जोड मिळाली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणलेल्या कुटुंब दत्तक उपक्रमात एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबे सोपवली जातात. त्याने त्यांच्या घरी वेळोवेळी जायचे, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, मुलांचे लसीकरण, पाण्याची सोय यांची नोंद ठेवायची आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत हा संबंध टिकवायचा. कल्पना उत्तम आहे. हिंगोलीत तिला एक अडचण ठरलेली: जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. विद्यार्थी हिवाळ्यात गावात गेला, तर दाराला कुलूप असते आणि ओसरीवर म्हातारी माणसे. वही रिकामी राहिली म्हणून त्याने नाराज होऊ नये. कुलूप हीच त्या घराच्या आरोग्याची पहिली नोंद आहे, कारण गरोदर बाईची तपासणी आणि लहानग्याचा डोस त्याच महिन्यांत चुकतो.

डॉक्टरांखेरीज इतर

फलक लागतो तो डॉक्टर होणाऱ्याचा. पण आरोग्यसेवेत जाणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांत, विशेषतः मुलींत, एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगचा वाटा मोठा आहे. रुग्णाच्या उशाशी दिवसाचे सर्वाधिक तास याच असतात. त्यांच्या पहिल्या वर्षाची चर्चा तर त्याहून कमी होते.

बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम २०२१ पासून सत्रपद्धतीचा झाला. पहिल्याच सत्रात संवादात्मक इंग्रजी, उपयोजित शरीररचना व शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय येतात. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलीच तेथे येत असल्याने निम्मे विषय परिचयाचे असतात. तीन वर्षांच्या जीएनएमला मात्र कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. इतिहास-राज्यशास्त्र घेऊन बारावी झालेल्या मुलीपुढे पहिल्याच महिन्यात हाडांची नावे, जंतूंचे प्रकार आणि औषधांच्या मात्रेचे गणित उभे राहते. हे गणित वरवर सोपे वाटते. कुपीतल्या दोन मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध असेल आणि रुग्णाला १५० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर सिरिंजमध्ये किती घ्यायचे? उत्तर ०.६ मिलिलिटर. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. त्रैराशिक सातवीत शिकलो आणि विसरलो, असे म्हणण्याची सोय येथे नाही. म्हणून चांगल्या परिचर्या विद्यालयांत पहिल्या महिन्यात हे गणित रोज, कंटाळा येईपर्यंत करून घेतात.

त्याच महिन्यात खाटेवर चादर घालायला शिकवतात, आणि घरचे लोक हसतात. चादरीची एक घडी तशीच राहिली, तर हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाच्या पाठीला तिथे जखम सुरू होते, आणि ती बरी व्हायला महिने लागतात. नाडी पूर्ण एक मिनिट मोजण्याचा आग्रहही असाच. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की वेळ वाचतो, पण अनियमित नाडी हातून निसटते. हात धुण्याबाबत तर इतिहासच साक्षीला आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूती करण्यापूर्वी क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्यांचे सहकारी मात्र बराच काळ ते मानायला तयार नव्हते. आपल्या हातांनी रोग पसरतो हे कोणाला रुचणार!

प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञांच्या शिक्षणात दीर्घकाळ मोठी बजबजपुरी होती. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि त्यांचे अभ्यासक्रम एकसारखे करण्याचे काम सुरू झाले. तरीही तालुक्याच्या ठिकाणी दुकानाच्या वरच्या मजल्यावर 'सहा महिन्यांत तंत्रज्ञ' बनवणारी पाटी दिसते. प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी पाहाव्यात: परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते, प्रमाणपत्रावर संबंधित परिषदेत नोंदणी होते का, आणि प्रात्यक्षिकासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे. तिसऱ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळाले, तर पहिल्या दोघांची उत्तरे तपासण्याचीही गरज नाही. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेही आरोग्याशी संबंधित अनेक अभ्यासक्रम, मानसशास्त्र आणि आहारशास्त्र धरून, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली.

उशिरा येणाऱ्याचे काय?

या साऱ्या प्रास्ताविक शिक्षणाला एक मोठे छिद्र आहे, आणि ते प्रवेशाच्या वेळापत्रकात आहे. 'नीट' मे महिन्यात होते. अखिल भारतीय आणि राज्य कोट्याच्या फेऱ्या मात्र कित्येक आठवडे, कधी महिने चालतात. महाविद्यालयाचे वर्ग पहिल्या-दुसऱ्या फेरीनंतर सुरू होतात. शेवटच्या फेरीतला विद्यार्थी येतो तोवर फाउंडेशन कोर्स संपून विच्छेदन सुरू झालेले असते. गुणवत्ता यादीत काठावर असलेला, जात वैधता किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालत राहिलेला, शुल्काची जुळवाजुळव करत थांबलेला विद्यार्थीच बहुधा शेवटी येतो. ज्याला या आठवड्यांची गरज सर्वाधिक, त्याचेच ते बुडतात. नंतर आलेल्यांसाठी हे तास पुन्हा घेणे अवघड नाही, फक्त ते कोणाच्या तरी वेळापत्रकात लिहिलेले हवेत. वरच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांवर नव्याने आलेल्या पाचांची जबाबदारी सोपवली, तरी बरेच साधते. विशेषतः त्याच भागातून, त्याच माध्यमातून आलेला वरिष्ठ विद्यार्थी 'मलाही पहिल्या सहामाहीत काही कळत नव्हते' असे सांगतो, तेव्हा ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांनाही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधले तीन-चार महिने बहुतेकांचे निकालाच्या धास्तीत आणि फेऱ्यांच्या याद्या पाहण्यात जातात. या काळात ग्रीक-लॅटिन तुकड्यांची वही करावी, रोज इंग्रजीचे एक पान मोठ्याने वाचावे, संगणकावर दोन्ही हातांनी टंकलेखन शिकावे. आणि घरातील आजीजवळ बसून तिला कोणकोणती दुखणी झाली, तेव्हा तिने त्यांना काय नावे दिली, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ही वही कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही, आणि अंतिम वर्षापर्यंत ती कामाला येते.

विच्छेदन कक्षात पहिल्या दिवशी अनेक महाविद्यालयांत एक छोटा विधी होतो. विद्यार्थी देहदान करणाऱ्या व्यक्तीसमोर उभे राहून शपथ घेतात, कोणी फुले वाहतो. खेड्यातून आलेल्या मुलाने आयुष्यात मृतदेह पाहिलेला असतो तो स्मशानाकडे जाताना, नात्यातल्या माणसांच्या खांद्यावर. येथे तो टेबलावर आहे आणि त्याच्या नात्यातले कोणी नाही. काहींना चक्कर येते, काही आठवडाभर नीट जेवत नाहीत. फार थोडे जण हे अध्यापकांना सांगतात. ते सांगितले तर चालते, हेदेखील पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगावे लागते.

हिंगोलीच्या महाविद्यालयात २०२४ मध्ये दाखल झालेल्या पहिल्या तुकडीचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, सारे वेळेवर पार पडल्यास, २०२९ मध्ये पूर्ण होईल आणि ते विद्यार्थी वर्षभराच्या आंतरवासितेसाठी वॉर्डात उभे राहतील. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांत सेनगावची एखादी बाई असेल, आणि ती सुरुवातीला 'कंबर दुखते' एवढेच सांगेल.